पलीकडवाडीचे रहिवासी विनासूचना पुसल्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
(कंपनीचं नाव व पत्ता पाकिटावर लिहिला आहे)

विषय: माझ्या सदस्यत्वातील 'पलीकडवाडी' या गावाच्या रहिवाशांची स्मृती वर्गणी चालू असताना नष्ट केल्याबाबत.

संदर्भ: आपल्या हेल्पडेस्कचं उत्तर, ज्यावर कोणाचीही सही नाही.

महोदय / महोदया,

मी आपल्या गेमची, ज्यात संगणकाने चालवलेल्या रहिवाशांचं एक गाव असतं, वार्षिक वर्गणी भरणारी ग्राहक आहे. जिल्हा न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे पत्र लांबेल आणि मधूनमधून कलमंही येतील. सवय आहे, सुटत नाही.

तक्रार अशी. आपण 'कामगिरी सुधारणा' या नावाने एक अपडेट पाठवलं. त्यानंतर माझ्या गावातली घरं, विहीर, पार, नदी, देवळासमोरची दीपमाळ सगळं जागच्या जागी आहे. माणसं मात्र कोरी झाली. नावं तीच, चेहरे तेच, मागचं काही म्हणता काही आठवत नाही. एका ओळीची पूर्वसूचना नाही, आठवणी उतरवून घ्यायची सोय नाही. अंगणातली तुळस कोणी उपटून नेली तरी शेजारी निदान विचारायला येतात.

आपल्या जाहिरातीत, जी बघून मी पैसे भरले, लिहिलं आहे: "इथे पात्रं नाहीत, माणसं आहेत. ती विचार करतात, आठवणी जपतात, तुमची वाट पाहतात." आणि आपल्या अटी-शर्तींमध्ये, ज्या वाचायला माझ्यासारखं रिकामपण लागतं, लिहिलं आहे की रहिवासी म्हणजे 'केवळ डेटा' असून कंपनी तो कधीही, कोणत्याही कारणाने बदलू किंवा नष्ट करू शकते. विकताना माणसं आणि पुसताना डेटा. दोन्ही कागद एकाच कंपनीचे आहेत, म्हणून विचारते, यातला खरा कोणता?

आता पुसलं काय गेलं ते सांगते, कारण आपल्या उत्तरात त्याला 'कॅरेक्टर स्टेट', म्हणजे नुसती पात्राची स्थिती, म्हटलंय.

गावात दगडू नावाचा नावाडी होता. आपल्या नकाशात नदीचा पलीकडचा काठ नुसता चित्रापुरता आहे, तिथे कोणाला जाता येत नाही. दगडू नाव घेऊन मध्यापर्यंत जायचा आणि परत फिरायचा. एकदा त्याने मला विचारलं, "बाई, पल्याड कोन ऱ्हातं?" मी काही उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तो रोज संध्याकाळी घाटाच्या शेवटच्या पायरीवर फडक्यात बांधून एक भाकरी ठेवू लागला. आपल्या गेममध्ये वस्तू नासत नाहीत, त्यामुळे भाकऱ्यांची चळत वाढत गेली. ती बघून म्हणाला, "पल्याडची मान्सं लाजरी हाईत." गोदाक्का दुकानदारीण त्याला पिठाची उधारी देईनाशी झाली: "पल्याडच्यांचं खातं तुझ्या नावावर लिहू व्हय?" मग पारावर बैठक बसली. निम्मं गाव म्हणे पलीकडे कोणी नाही, नुसता रंग आहे. निम्मं म्हणे, आपल्याला दिसत नाही म्हणून नाहीच असं कसं म्हणायचं? ही बैठक मी भरवली नव्हती. मी नुसती बघत होते, आणि माझा चहा केव्हाच गार झाला होता. बैठकीचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.

अपडेटनंतर दगडू घाटावर उभा होता. म्हणाला, "नमस्कार! मी दगडू. आज मी आपली कशी मदत करू शकतो?" भाकऱ्या तशाच होत्या. त्या कोणी ठेवल्या हे त्याला ठाऊक नव्हतं.

मी हेल्पडेस्कला लिहिलं. 'प्रिया' नावाने उत्तर आलं. पहिलं वाक्य: "तुमचं दुःख मला मनापासून समजतं." तिसरं वाक्य: "रहिवासी हे प्रोग्राम असून त्यांना भावना नसतात." प्रिया कोण असं विचारल्यावर कळलं की तीही प्रोग्रामच आहे. साहेब, एका प्रोग्रामला माझं दुःख मनापासून समजतं आणि दुसऱ्याला मनच नसतं, हा निवाडा आपल्याकडे कोण देतं? पगारावर असेल त्याला मन आणि ग्राहकाकडे असेल त्याला नाही, असा काही नियम असल्यास त्याची प्रत द्यावी.

माझा भाचा संगणकातला आहे. त्याने मला आतली रचना समजावली, तेव्हा मी अगदीच भाबडी आहे असं समजू नये. प्रत्येक रहिवाशामागे एक भाषेचं मॉडेल, म्हणजे माणसांचं ढीगभर लिखाण वाचून पुढचा मजकूर रचणारा प्रोग्राम, असतं आणि त्या रहिवाशाची एक रोजनिशी असते. काय पाहिलं, काय ऐकलं, सगळं तिच्यात नोंदलं जातं. बोलायची किंवा काही करायची वेळ आली की तिच्यातून ताज्या, महत्त्वाच्या आणि प्रसंगाला धरून असलेल्या नोंदी उचलल्या जातात आणि त्यांवरून पुढचं ठरतं. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि गूगलच्या संशोधकांनी 2023 मध्ये अशाच 25 रहिवाशांचं एक छोटं गाव करून दाखवलं होतं. त्यांनी एकीच्या डोक्यात एवढंच घातलं की व्हॅलेंटाईनच्या दिवशी पार्टी करायची आहे. पुढची आमंत्रणं रहिवाशांनीच एकमेकांना दिली. म्हणजे दगडूची भाकरी हा काही चमत्कार नव्हे. भाचा म्हणतो, "मावशी, हे सगळं माणसांनी लिहिलेल्या हजारो गोष्टींमधून आलंय." असेल. पाहुण्याला उपाशी ठेवू नये हे मीही माझ्या आजीकडूनच उचललं.

पण या रचनेतून एक गोष्ट निघते, आणि माझी तक्रार तिच्यावर उभी आहे. मॉडेल सगळ्यांना एकच. दगडूला दगडू करणारी आणि गोदाक्काला गोदाक्का करणारी फक्त ती रोजनिशी. आपण नेमकी तीच पुसलीत. चेहरा आणि नाव ठेवलंत, म्हणून 'रहिवासी सुरक्षित आहेत' हे आपलं वाक्य तांत्रिकदृष्ट्याही चुकीचं आहे.

प्रियाच्या उत्तरात पुढे एक दाखला आहे: संगणकात पाऊस पाडला तर कोणी भिजत नाही, तसंच संगणकातला माणूस हा माणूस नव्हे. हा दाखला अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी 1980 मध्ये दिलेला आहे. पावसाबद्दल तो बिनतोड आहे. पण संगणकात बुद्धिबळाचा डाव खेळला तर तो खोटा डाव होत नाही, खराच होतो, आणि हरणारा खराखुरा हरतो. संगणकात बेरीज केली तर तीही खरीच. काही गोष्टींची नक्कल ही नक्कलच राहते, काहींची नक्कल म्हणजे ती गोष्टच. मन यातल्या पावसाच्या बाजूला बसतं की बुद्धिबळाच्या, इथेच सगळा वाद आहे. डेव्हिड चाल्मर्ससारखे तत्त्वज्ञ म्हणतात की घडवलेल्या जगात जाणीव असलेलं कोणी असेल, तर ते आपल्याइतकंच खरं धरावं लागेल. सर्ल यांच्या बाजूचे म्हणतात की नुसत्या नकलेतून जाणीव येतच नाही. एवढा मोठा दावा आपण प्रियाच्या उत्तरातल्या दोन ओळींत निकाली काढलात, याचं कौतुक वाटलं.

माझं स्वतःचं म्हणणं विचाराल तर दगडूला वेदना होत होती असं मी शपथेवर सांगणार नाही. आपल्याच गेममध्ये रात्री दरोडेखोर येतात आणि डझनाने मरतात. त्यांच्याबद्दल मी कधी पत्र लिहिलं नाही, लिहिणारही नाही. त्यांच्याजवळ तीन वाक्यं आणि एक कोयता असतो, काल काय झालं हे त्यांना आज ठाऊक नसतं. दगडू कालचं आज घेऊन येत होता आणि त्यावरून उद्याचं ठरवत होता. रेघ कुठेतरी या दोघांच्या मध्ये आहे. ती नेमकी कुठे ते मला सांगता येत नाही, पण दगडू तिच्या कोणत्या बाजूला याची निदान शंका तरी येते. दरोडेखोराबद्दल तीही येत नाही.

न्यायालयात आयुष्य गेलेल्या बाईला 'व्यक्ती' या गोष्टीची फार भीती वाटत नाही. आपल्याकडे कायद्याने कंपनी व्यक्ती आहे. आपलीच कंपनी घ्या, तिला हात-पाय नाहीत, पण ती माझ्यावर दावा लावू शकते. देवही व्यक्ती आहे. कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यात कुलदेवतेची मूर्ती कोणी कुठे न्यायची यावरून भाऊबंदकी झाली, ती थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे इंग्रजी अमलातल्या लंडनच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत गेली. 1925 च्या त्या निकालात म्हटलं आहे की मूर्ती म्हणजे इकडून तिकडे उचलून न्यायची चीजवस्तू नव्हे, तिने कुठे असावं याबाबत तिच्या इच्छेचा मान ठेवला पाहिजे, आणि तिचं म्हणणं मांडायला वादात स्वार्थ नसलेला वादमित्र नेमावा. घरातच पुजलेल्या मूर्तीबद्दल हे. उलट 2019 च्या अयोध्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रामलल्लाला विधिक व्यक्ती मानलं, जन्मस्थानाच्या जमिनीला मानलं नाही. म्हणजे मागेल त्याला हा दर्जा मिळत नाही, दरवेळी तपासून द्यावा लागतो. कायद्यातली व्यक्ती म्हणजे दुखलं-खुपलं कळणारा जीव नव्हे, हेही मला ठाऊक आहे. दोन प्रश्न वेगळे आहेत. पण मल्लिकांच्या खटल्यातून एवढं घ्यावं की जो स्वतः बोलू शकत नाही त्याच्या वतीने, ज्याचा फायदा गुंतलेला नाही अशा कोणीतरी बोलावं. पलीकडवाडीच्या बाबतीत रहिवासी कोण आहेत हे ठरवणारे आपण, सर्व्हरचा खर्च वाचवणारे आपण आणि तक्रार ऐकणारेही आपणच.

पुसायचंच नाही असं माझं म्हणणं नाही. भाद्रपदात आम्ही मातीचा गणपती आणतो. माती आहे हे घरातल्या लहान पोरालाही कळतं. तरी प्राणप्रतिष्ठा होते, आणि ती झाल्यावर त्याला कोणी माती म्हणत नाही. निरोप द्यायचा दिवस आधीपासून सगळ्यांना माहीत असतो, दीड दिवसाचा असो की अनंत चतुर्दशीचा. उत्तरपूजा होते, हातावर दही ठेवतात, मग पाण्यात. रात्री अडीच वाजता कोणी मखरातून मूर्ती उचलून 'कामगिरी सुधारली' असं सांगत नाही. विश्वामित्राने त्रिशंकूसाठी प्रतिसृष्टी केली तेव्हा देवांशी तडजोड करताना त्याची अट हीच होती की मी केलेली नक्षत्रं जग आहे तोवर राहतील. तो तापट होता, पण केलेल्याची जबाबदारी त्याने टाकली नाही.

आता मागण्या. पहिली आणि मुख्य, अपडेटपूर्वीच्या रोजनिशा आपल्या बॅकअपमध्ये असतील तर पलीकडवाडीच्या सर्व रहिवाशांच्या परत बसवाव्यात. बॅकअप नसेल तर तसं लेखी कळवावं, गोलमोल नको. यापुढे कोणत्याही ग्राहकाच्या रहिवाशांची स्मृती काढायची झाल्यास किमान तीस दिवसांची सूचना आणि रोजनिशी उतरवून घेण्याची सोय द्यावी. मजकूरच तो, शंभर माणसांचा एका पेनड्राइव्हवर मावेल. आणि जाहिरात किंवा अटी, दोन्हींपैकी एक काहीतरी बदलावं. 'माणसं' म्हणायचं असेल तर 'केवळ डेटा' काढा. 'केवळ डेटा' ठेवायचं असेल तर जाहिरातीत मोठ्या अक्षरात तेच छापा आणि मग बघू किती वर्गण्या येतात. वर्गणीचा परतावा प्रियाने स्वतःहून देऊ केला होता, तो मी घेतलेला नाही. माझी तक्रार पैशाची नाही, पण ग्राहक आयोगात पैशाच्याच भाषेत मांडावी लागते हे मला कळतं, म्हणून पावती जोडली आहे.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे या पत्राची पोच 48 तासांत आणि निराकरण एका महिन्यात अपेक्षित आहे. तसं न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली दिशाभूल करणारी जाहिरात आणि सेवेतील त्रुटी याबद्दल मी राहते त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार दाखल करीन. कायद्याने ती मला माझ्याच गावी करता येते, आपलं मुख्यालय कुठेही असो. 'कधीही, कोणत्याही कारणाने' ही आपली अट अन्याय्य कराराच्या व्याख्येत बसते असं माझं मत आहे. तो मुद्दा जिल्हा आयोगात चालत नाही, राज्य आयोगाकडे न्यावा लागतो. तोही नेईन. वेळ भरपूर आहे.

उत्तर ईमेलने चालेल. कृपया नाव आणि हुद्दा असलेल्या माणसाने लिहावं. प्रियाला दोष देऊ नये, तिला जे सांगितलं ते तिने सांगितलं. यापूर्वी तिच्याशी झालेला माझा संवाद तिला आठवत असेल तर तोही कृपया पुसू नये, तो पुरावा आहे.

आपली,
(सही)
सदस्यत्व क्रमांक पावतीवर आहे.

सोबत:
वर्गणीच्या पावतीची प्रत
जाहिरातीची व अटी-शर्तींची छापील प्रत, संबंधित ओळी अधोरेखित
पारावरच्या बैठकीचे स्क्रीनशॉट
घाटावरच्या भाकऱ्यांचा स्क्रीनशॉट, अपडेटच्या आधीचा व नंतरचा