शब्द यादीतून नव्हे, वाक्यातून शिकवा

संपादक महोदय,

परीक्षेसाठी इंग्रजीतले अवघड शब्द अर्थासह घोकून घेण्याची पद्धत आता थांबायला हवी. मी इंग्रजी शिकवते. यादी तोंडपाठ असलेली मुलं उताऱ्यापुढे अडखळताना रोज पाहते. ‘मिटिगेट’ म्हणजे कमी करणे, एवढं पाठ करून ती वजन, किंमत, वेग सगळंच ‘मिटिगेट’ करून टाकतात. तोच शब्द पुराची हानी, वेदनेची तीव्रता, हवामानबदलाचे परिणाम अशा वाक्यांत वारंवार भेटला, की तो त्रासदायक गोष्टींच्याच संगतीत वावरतो हे न सांगता उमगतं.

अर्थात, संदर्भ लागायला आजूबाजूचे शब्द ओळखीचे हवेत. हू आणि नेशन या भाषा-संशोधकांच्या २००० सालच्या अभ्यासानुसार, मदतीशिवाय वाचून नीट समजायला मजकुरातले सुमारे ९८ टक्के शब्द माहीत असावे लागतात, म्हणजे पन्नासांत एखादाच अनोळखी. म्हणूनच नवशिक्यांच्या हाती जडजंबाल लेख देणं मला अजिबात पटत नाही. झेपेल ते भरपूर वाचू द्या, अंदाज बांधू द्या, मग शब्दकोशात पडताळू द्या.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनीही सुटे समानार्थी शब्द विचारणं बंद करून ते उताऱ्यातच विचारावेत, ही कळकळीची विनंती.

– एक इंग्रजी शिक्षिका