पथकातल्या त्या मुलाला चक्कर नव्हती आली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विसर्जनाच्या दिवशी संध्याकाळी टिळक रोडवर एका ढोलपथकातला मुलगा ढोल कमरेला बांधलेला असतानाच कोसळला. असेल सतरा-अठराचा. हातपाय ताठ, मग झटके, तोंडातून फेस. आणि लगेच गर्दीतून सुरू झालं, चप्पल हुंगवा, कांदा आणा, हातात किल्ली द्या, एकजण तर त्याच्या दातात टिपरू घालायला निघाला होता. मी ओरडले, "तोंडात काही घालू नका, मला स्वतःला फिट येते, मला माहितीये काय करायचं." इतक्या लोकांत हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले. वय ३६.

त्याच्या मित्रांनी ढोल सोडवला, मी डोक्याखाली ओढणी घातली, चष्मा काढला आणि घड्याळ बघत बसले, झटके थांबल्यावर त्याला कुशीवर वळवला. पावणेदोन मिनिटात थांबले. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटात आपोआपच थांबतात, म्हणून तर लोकांना वाटतं की कांद्याने थांबली. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली तर मात्र १०८ ला फोन करायचा. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी पण पाजायचं नाही. एवढंच आहे हो, कुठल्याही कार्यकर्त्याला दहा मिनिटात शिकवता येईल.

शुद्धीवर आल्यावर तो मुलगा पहिलं काय बोलला असेल तर "ताई, पथकात सांगू नका, काढून टाकतील." आणि त्याचा मित्र सगळ्यांना सांगत होता, काही नाही, चक्कर आली, सकाळपासून खाल्लं नव्हतं त्याने.

या "चक्कर" शब्दासाठीच हे पत्र लिहितेय.

मी नारायण पेठेत वाढले. नववीत होते, रात्रभर लक्ष्मी रोडला मिरवणूक बघून पहाटे पाचला घरी आलो, सकाळी चहाचा कप हातातून उडाला आणि त्यानंतर मी मोरीत पडले ते मला आठवतच नाही. आई घाबरली होती, पण शाळेत आणि वाड्यात तिने सांगितलं की चक्कर आली. मला म्हणाली, "कुणाला बोलू नकोस, मुलीची जात आहे, उद्या लग्नाचं बघायचंय." तिच्यावर माझा राग नाही, तिला जे माहीत होतं त्यातून ती मला सांभाळत होती. पण डॉक्टरांना पण चक्करच सांगितलं, मग लोहाच्या गोळ्या, शतावरी, सकाळी दूध. सकाळी उठल्यावर माझे हात मधेच उडायचे, कंगवा पडायचा, कप फुटायचे, घरात मला धांदरट म्हणायचे आणि मला पण तेच खरं वाटायचं.

अकरावीत पुन्हा पडले तेव्हा फिटची गोळी सुरू झाली. पण सगळ्या फिटना एकच गोळी चालत नाही, काही गोळ्यांनी हे सकाळचे झटके उलट वाढतात, माझे वाढले, आणि तरी मी डॉक्टरांना सांगितलं नाही कारण हात उडण्याचा फिटशी काही संबंध आहे हेच कुणी बोललं नव्हतं. बारावीत रात्री जागून अभ्यास केला आणि परत फिट आली तेव्हा दुसऱ्या एका न्यूरोलॉजिस्टनी विचारलं, सकाळी हातातल्या वस्तू उडतात का गं? मी रडायलाच लागले. मग ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) झाला, गोळी बदलली. जुवेनाईल मायोक्लोनिक एपिलेप्सी, म्हणजे बहुतेक वयात येताना सुरू होणारा अपस्मार, त्यात झोप मोडली की फिट यायची शक्यता वाढते, काहींना लुकलुकणाऱ्या लाइटनेही येते. जागरण आणि लाइटिंग, म्हणजे आपली विसर्जनाची रात्रच की. "चक्कर" म्हणून घालवलेली ती तीन वर्षं मला आजही टोचतात.

निदान झालं तरी तोंड उघडलं असं नाही. कॉलेजच्या राजगडच्या ट्रेकला मुली बघतील म्हणून रात्रीची गोळी घेतली नाही, दोन दिवस, आणि गोळी अशी अचानक बंद करणं किती धोक्याचं असतं हे मला माहीत होतं तरी. पुण्यात टू-व्हीलर न चालवणाऱ्या मुलीला रोज कुणीतरी विचारतं, गाडी का नाही गं घेत, आणि मी वर्षानुवर्षं "भीती वाटते" सांगत आले. खरं सांगायचं तर लायसन्सच्या फॉर्मवर फिट येतात का असा प्रश्न आहे आणि तिथे खोटं लिहायला हात धजला नाही. लग्नाच्या वेळी मात्र तिसऱ्या भेटीत सारसबागेत सांगून टाकलं. पूर्वी हिंदू विवाह कायद्यात वारंवार फिट येणं हे लग्न रद्द करायचं कारण होतं, १९९९ मध्ये ते काढलंय, हे मला नंतर कळलं, आईला तर कधीच नाही. तो म्हणाला, "फिट आली तर मी काय करायचं ते सांग." आमच्या लग्नाला दहा वर्षं झाली.

आता पथकप्रमुखांना आणि मंडळांना कळकळीची विनंती. पुढच्या वर्षी नदीपात्रात सराव सुरू होताना नावं लिहून घ्याल तेव्हा फिट येते का हे पण विचारा, आणि हो म्हणणाऱ्याला काढू नका. त्याच्या डॉक्टरांना काय चालेल ते विचारायला सांगा, त्याला लवकरची पाळी द्या, वेळेत घरी झोपायला पाठवा, लाइटच्या भिंतीसमोर उभं करू नका, गोळीची वेळ झाली तर वादन थांबवून गोळी घेऊ द्या. ज्या पथकात सांगितल्यावर काढून टाकतात त्या पथकात पोरं लपवूनच वाजवणार, आणि कधीतरी रस्त्यावर असंच पडणार.

त्या मुलाला मी हळूच विचारलं होतं, सकाळी उठल्यावर हात उडतात का रे? तो दचकून म्हणाला, "तुम्हाला कसं कळलं?" तेवढ्यात त्याचे मित्र त्याला रिक्षात घालून घेऊन गेले, नाव पण विचारायचं राहिलं. त्याच्या घरी हा पेपर येत असेल तर त्याच्यासाठी लिहिते. बाळा, डॉक्टरांकडे जाशील तेव्हा फक्त पडलो म्हणून सांगू नकोस. सकाळच्या हातांबद्दल सांग. कुणी मोबाईलवर शूटिंग केलं असेल तर लाज न वाटता ते दाखव, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. आणि आईला सोबत ने.

आपली,
एक वाचक, नारायण पेठ, पुणे