वळवाच्या ढगाखाली उडणाऱ्यांसाठी : पर्यटन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पर्यटन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : वादळी ढग वाढू लागताच पॅराग्लायडिंगची उड्डाणे थांबवण्याचा अधिकार प्रत्येक उड्डाणस्थळी एका स्वतंत्र, प्रशिक्षित व्यक्तीकडे सोपवण्याबाबत.

मा. महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी गेली अनेक वर्षे मावळात, कामशेतच्या आसपासच्या डोंगरांवरून पॅराग्लायडिंग करते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर सह्याद्रीच्या माथ्यावर जे वळवाचे ढग चढतात, त्यांच्याविषयी आपल्याशी बोलायचे आहे. या ढगांतून येणारी वीज, गारा आणि सोसाट्याचा वारा सगळ्यांना ठाऊक आहे. हे ढग त्यांच्या खाली उडणाऱ्या माणसाला वर ओढून घेतात, हे मात्र टँडेम उड्डाणासाठी, म्हणजे पायलटसोबत एकाच पंखाखाली उडण्यासाठी, रांगेत उभ्या असलेल्या पर्यटकाला कोणी सांगत नाही.

पॅराग्लायडरला इंजिन नसते. शांत हवेत तो सेकंदाला साधारण एक मीटर या वेगाने खाली येत राहतो, आणि वर जाण्यासाठी आम्ही तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेचा, म्हणजे थर्मलचा, आधार घेतो. थर्मलच्या माथ्यावर कापसाच्या पुंजक्यासारखा ढग धरतो, तोवर सगळे ठीक असते. पण हवेत दमटपणा भरपूर असला, की बाष्पाचे पाणी होताना बाहेर पडणारी उष्णता ढगातल्या हवेला आणखी हलकी करते, ढग स्वतःच्याच बळावर फुगू लागतो आणि खालची हवा आत खेचून घेतो. आमच्या बोलण्यात याला ‘क्लाऊड सक’ म्हणतात. पूर्ण वाढलेल्या गडगडाटी ढगात हा वर जाणारा झोत सेकंदाला २० मीटरच्याही पुढे जाऊ शकतो. आमच्या हातात काय असते? पंखाची दोन्ही टोके दुमडून सेकंदाला तीनेक मीटरने उतरता येते. जोरदार स्पायरल, म्हणजे मळसूत्रासारख्या घिरट्या घेत उतरण्याचा डाव, घेतला तर दहा-पंधरा मीटरपर्यंत वेग मिळतो, परंतु त्यात शरीरावर इतका भार येतो की शुद्ध हरपण्याची भीती असते. म्हणजे ढगाने एकदा नीट धरले, की उतरण्याचा कोणताही उपाय त्याच्या झोतापुढे टिकत नाही.

याचा सर्वांत ठळक पुरावा १४ फेब्रुवारी २००७ चा आहे. ऑस्ट्रेलियात मॅनिला येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या आधी जगभरातले निष्णात पायलट सराव करत होते. जर्मन संघातील एवा विस्नियर्स्का हिने दोन वादळी ढगांच्या कडेने निसटण्याचा प्रयत्न केला, पण ढगांनी तिला आत ओढले. तिच्याजवळच्या उपकरणात ९,९४६ मीटर उंचीची नोंद झाली, म्हणजे एव्हरेस्टपेक्षा एक हजार मीटरहून अधिक. प्राणवायूअभावी ती चाळीस मिनिटांच्या आसपास बेशुद्ध होती, अंगावर बर्फ जमले होते आणि पंख मात्र आपणहून उडत राहिला. उड्डाणस्थळापासून सुमारे ६० किलोमीटरवर ती जिवंत उतरली. त्याच दिवशी त्याच वादळात सापडलेले चीनचे हे झोंगपिन वाचले नाहीत. दोघेही नवशिके नव्हते, हे मी मुद्दाम लिहीत आहे. १९३० च्या दशकात जर्मनीतले ग्लायडर-वैमानिक उंची मिळवण्यासाठी जाणूनबुजून अशा ढगांत शिरत, आणि त्यांतली काही ग्लायडर ढगातच मोडली. लाकडी सांगाड्याचे पंख जिथे टिकले नाहीत, तिथे कापड आणि दोऱ्यांचा आमचा पंख किती टिकणार?

ऑस्ट्रेलिया दूर आहे, असे कोणी म्हणेल, म्हणून माझा अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात कामशेतजवळच्या टॉवर हिलवरून दुपारी साडेतीनच्या सुमारास मी उडाले. वारा पश्चिमेचा होता आणि पूर्वेला, चाकणच्या बाजूला, एक ढग उभा राहत होता. तो लांब आहे असे मला वाटले. विसाव्या मिनिटाला लक्षात आले की मी थर्मल शोधत नाही, वळणही घेत नाही, सरळ उडते आहे, आणि तरी व्हेरिओ, म्हणजे वर-खाली जाण्याचा वेग दाखवणारे आणि वर जाताना वाजत राहणारे उपकरण, थांबायला तयार नाही. वर पाहिले तर ढगाचा तळ करडा, सपाट आणि डोक्यावर सगळीकडे पसरलेला. मी पंखाची टोके दुमडली, वेग वाढवणारा पायाखालचा स्पीडबार पूर्ण दाबला आणि उन्हाच्या कडेकडे तोंड केले. तरीही व्हेरिओवर सेकंदाला दोन मीटर वर, असाच आकडा दिसत होता. ढगाची सावली संपून पायांवर ऊन पडले, त्यानंतर कुठे तो आकडा उतरला. एका नांगरलेल्या शेतात उतरले तेव्हा हात इतके कापत होते की हार्नेसची बक्कल मला सुटेना. शेतातले एक आजोबा धावत आले, त्यांनी पंख दोन्ही हातांनी कवटाळून गोठ्यात नेला, आणि पाचच मिनिटांत असा वारा सुटला की गोठ्यावरचे पत्रे वाजू लागले. चूक माझी होती आणि ती मी एकटीने केली होती. माझ्यापुढे कोणी प्रवासी बांधलेला नव्हता.

खरी काळजी तिथेच आहे. टँडेम उड्डाणात पुढे बसलेला माणूस आयुष्यात पहिल्यांदा जमीन सोडत असतो. त्याला आकाश वाचता येत नाही, आणि येणे अपेक्षितही नाही. त्याच संध्याकाळी दुसऱ्या एका ठिकाणी पावसाचे पहिले थेंब पडेपर्यंत टँडेम सुरू होती, असे मला कळले. तिथल्या पायलटला नंतर विचारले, तर तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, ‘ताई, शनिवार होता, मुंबईहून बस आली होती, पैसे परत कोण देणार?’ त्या मुलाला मी दोष देत नाही. ज्याचा दिवसाचा रोजगार उड्डाणांच्या संख्येवर ठरतो, त्यानेच उड्डाण थांबवायचे, ही रचनाच चुकीची आहे.

ऑगस्ट २०२१ मध्ये राज्य शासनाने साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि जमीन, पाणी व हवा अशा तिन्ही प्रकारच्या उपक्रमांची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे बंधनकारक केली. हे पाऊल मला मनापासून मोलाचे वाटते. परंतु प्रमाणपत्र, विमा आणि साहित्याची तपासणी यांतून माणूस आणि पंख तपासला जातो. त्या दुपारचे आकाश कोण तपासणार, हा प्रश्न उरतोच.

हिमाचल प्रदेशात, बीर-बिलिंगला, १५ जुलै ते १५ सप्टेंबर या काळात उड्डाणे बंद असतात. आपल्याकडेही तशीच तारीखवार बंदी घालावी, अशी सूचना अधूनमधून होते. मला ती अपुरी वाटते. आपल्या घाटात भर पावसाळ्यात उडण्यासारखी हवाच नसते. आपला धोका बंदीच्या आधी आणि नंतर आहे. तो एप्रिलपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत वळवाच्या ढगांत असतो आणि ऑक्टोबरात परतीच्या पावसाच्या ढगांत, आणि तोही बहुधा दुपारनंतर. सकाळी निरभ्र असलेल्या आकाशात दोन तासांत बारा-पंधरा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहू शकतो. म्हणून बंदी महिन्यांची नको, तासांची हवी.

त्यासाठी लागणारी साधने आपल्या दारात आहेत. भारतीय हवामान विभाग जिल्हावार, पुढील तीन तासांचा इशारा देतो. मुंबईत डॉप्लर रडार आहेत. विजेची सूचना देणारे ‘दामिनी’ ॲप तयार करणारी भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था पुण्यात पाषाणला आहे, आणि पाचगणीच्या पर्यटकांपासून हाकेच्या अंतरावर, महाबळेश्वरला, याच संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. मात्र केवळ ॲपवर विसंबून चालणार नाही. वीज चमकते ती ढग पुरेसा मोठा झाल्यावर, आणि ओढ त्याआधीच, ढग वाढत असतानाच, सुरू झालेली असते. पसाऱ्यापेक्षा उंची जास्त झालेला ढग दिसला की पहिल्या कडकडाटाची वाट पाहायची नसते. हे ओळखणारा डोळा डोंगरावर हजर असावा लागतो.

माझी मागणी एकच आहे. कामशेत, पाचगणी आणि राज्यातील प्रत्येक नोंदणीकृत उड्डाणस्थळी, वळवाच्या आणि परतीच्या पावसाच्या हंगामात दुपारी बारा ते सूर्यास्त या वेळेत एक सुरक्षा अधिकारी नेमावा. त्याचे मानधन संचालनालयाने द्यावे, कोणत्याही उड्डाण-व्यावसायिकाने नाही. लाल बावटा लावून टेकऑफ बंद करण्याचा अधिकार त्याला असावा, आणि बावटा असताना उडणाऱ्याची नोंदणी स्थगित व्हावी. बावट्यामुळे रद्द झालेल्या उड्डाणाचे पैसे परत किंवा दुसरी तारीख, हे बुकिंगच्या अटींतच लिहिले जावे, म्हणजे शनिवारी आलेल्या त्या बसचा प्रश्न एकट्या पायलटच्या गळ्यात पडणार नाही. या सुरक्षा अधिकाऱ्यांना ढग वाचायला शिकवण्यासाठी पुण्यातल्या हवामानतज्ज्ञांचे आणि आमच्यातल्या जुन्या पायलटांचे दोन-तीन दिवसांचे शिबिर पुरेसे होईल. त्यासाठी वेळ द्यायला मी तयार आहे, आणि माझ्यासारखे आणखीही आहेत.

पुढच्या एप्रिलच्या आत हा आदेश निघावा, अशी कळकळीची विनंती.

आपली विश्वासू,
मावळातील एक पॅराग्लायडिंग पायलट