आचारी काका, "नागपूरलेच जाय" म्हटलं तुम्ही, त्याबद्दल

काका, नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर फक्त मुहूर्ताच्या तारखा बघता हे माहीत आहे मला, पण काकू कोणाकडून तरी वाचून घेतीलच, आणि आपल्या भिवापूर-उमरेड पट्ट्यातल्या पोरापोरींनी पण वाचावं म्हणून सगळ्यांसमोरच लिहितोय.

बारावीनंतर हॉटेल मॅनेजमेंट करतो म्हटलं तर आमच्या घरी काय तमाशा झाला ते तुम्ही बघितलंच. मामा म्हणे, "चार वर्ष पैसे भरून भांडे घासाले शिकाचं का?" बाबा तर बोलेचनात. तेव्हा तुम्ही भट्टीजवळ बसून बाबांना एवढंच म्हटलं की सोयाबीन गेलं, कपाशी गेली तरी लग्नं काही थांबत नाही भाऊ, पोट्ट्याले जाऊ द्या. झालं, बाबा तयार.

पण खरे आभार पुढच्या गोष्टीचे. माझ्या डोक्यात पुणं होतं, सगळ्यांच्याच असतं. तुम्ही म्हटलं, "पुण्यात काय ठेवलं हाय बे? अर्धा पगार खोलीच्या भाड्यात, अर्धा रिक्षात. नागपूरलेच जाय. शनिवारी एसटीनं येजो, रविवारच्या लग्नाचा सैपाक करजो माह्यासंग, सोमवारी कॉलेजात." आणि काका, माझं शिक्षण अगदी असंच चाललंय. आम्ही तिघं एका खोलीत राहतो, भाडं वाटून जातं, मेसचा डबा परवडतो, कॉलेजला मेट्रो नाहीतर सायकल, आणि गणेशपेठ स्टँडवरून गाडी पकडली की रात्रीच्या जेवणाला मी घरी. बाकी मे महिन्यात खोलीत झोपायचं म्हणजे भट्टीसमोर झोपल्यासारखंच आहे, ते सोडा. पण या शहरात खेड्यातल्या पोराला रोज सकाळी उठून आधी पैशाचा हिशोब करावा लागत नाही, तर्री पोहे खाऊन सरळ क्लासला जाता येतं.

पहिल्या सेमिस्टरला युनिफॉर्म आणि टूलकिट घ्यायचं होतं, पांढरा कोट, चौकड्याची पँट, सेफ्टी शूज, सुऱ्यांचा सेट, आणि पैसे तुम्ही दिले, "लग्नसराईत हाजरीतून कापून घेईन" म्हणून, हाजरी म्हणजे तुमच्याकडं कामाची दिवसाची मजुरी. अजूनपर्यंत एक रुपया कापला नाही. उलट हाजरी मोठ्या माणसाची देता, पोऱ्याची नाही. हे मी विसरलो नाही हे तुम्हाला कळावं म्हणून पण हे पत्र.

आता कॉलेजात काय शिकवतात ते तुम्ही दरवेळी विचारता आणि मी दरवेळी भट्टीच्या धुरात अर्धवट सांगतो. सगळं स्वयंपाकाचंच नसतं, फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, सर्व्हिस पण असते, चादर ताणून कोपरे कसे दुमडायचे याची पण परीक्षा असते (काकूंना सांगू नका, नाहीतर दिवाळीला मलाच लावतील). किचनमध्ये कांदा कापायला दिला तेव्हा माझा स्पीड बघून शेफ सर थांबले, मग जवळ येऊन म्हणाले वेग मस्त आहे पण सगळे तुकडे वेगवेगळे, इथं ब्रुनवाज पाहिजे, दोन-तीन मिलिमीटरचा चौकोन, सगळे सारखे. पोत्यानं कांदा कापणाऱ्याला मिलिमीटर! पण सारखा कापला की सारखा शिजतो, आणि ते मी आता आपल्या वांग्याच्या भाजीत पण बघितलं.

मजा तर क्वांटिटी कुकिंगच्या, म्हणजे मोठ्या पंगतीच्या स्वयंपाकाच्या तासाला आली. सरांनी विचारलं शंभर लोकांना भाताला तांदूळ किती, पोरं मोबाईल काढायला लागली, मी म्हटलं दहा किलो. कसं काय, तर म्हटलं आमचे काका असंच सांगतात. सरांनी फळ्यावर माणशी शंभर ग्रॅम कच्चा तांदूळ लिहून गुणाकार करून दाखवला, तेच आलं! तुम्ही शाळा चौथीत सोडली आणि तुमचा हिशोब आमच्या फळ्यावर आहे काका. मग सरांनी विचारलं की पुढं जेवणात रोडगे असले तर? मी म्हटलं तर तांदूळ कमी टाकायचा, रोडग्यावर लोक भात कमी घेतात, बुंदी असली तर आणखी कमी. ते म्हणे हे पुस्तकात नाही, वहीत लिहून घ्या सगळ्यांनी.

तसंच भिवापुरी मिरचीचं. तिला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे ती याच भागाची खास असं सरकारी मानांकन, मिळाला हे सरांनी सांगितलं, पण ती तेलात कधी टाकायची म्हणजे रंग सुटतो आणि जळत नाही, हे मी वर्गाला करून दाखवलं. ते तुमच्याकडूनच शिकलेलं.

एक गोष्ट मात्र तुम्ही माझं ऐका. पाच ते साठ डिग्रीच्या मधे शिजलेलं अन्न तासनतास ठेवायचं नसते, जंतू तिथंच वाढतात. रात्रीच्या पंगतीचा भात सकाळी पाहुण्यांना फोडणी देऊन घालणं बंद करा, विशेष करून उन्हाळ्यात. थर्मामीटर मी आणून देतो, वापरायचं मात्र तुम्हालाच.

पुढच्या महिन्यात कॉलेजात वऱ्हाडी जेवणाचा थीम लंच आहे, पातोडी रस्सा आणि वडा भात माझ्याकडे आहे. तुमचा पास काढून ठेवलाय, काकूंचा पण. या नक्की, फक्त मीठ कमी वाटलं तर सरांसमोर ओरडू नका, मला बाजूला घेऊन सांगा.

तुमचाच पोट्टा