नखं कापून ठेव

प्रिय बाळा,

काल रात्री तू फोनवर चारच वाक्यं बोललास. वॉटर पोलोच्या संघात नाव नाही, अंगापिंडाने कमी पडतो म्हणाले, आता खेळ सोडतो. तुझा आवाज भरून आला होता, म्हणून मी गप्प राहिले. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

मानुएल एस्तियार्तेबद्दल तुला सांगायचंय. तुझ्याच खेळातला, स्पेनमधल्या मान्रेसाचा. उंची 178 सेंटीमीटर, वजन साठ-बासष्ट किलो. पोहत पोहत चेंडू गोलात टाकायच्या तुमच्या या खेळात धिप्पाड गडी पाण्याखाली धरून ओढतात, हे तुझ्या खांद्यावरचे ओरखडे पाहून मला ठाऊक झालंय. त्या गर्दीत हा काटकुळा पोरगा 1980 साली मॉस्को ऑलिंपिकला उतरला, वय अठरा, आणि 21 गोल करून साऱ्यांच्या पुढे राहिला. पुढच्या तीन ऑलिंपिकमध्येही सर्वाधिक गोल त्याचेच. धरायला कुणाचा हात पडेपर्यंत तो तिथून निसटलेला असायचा.

मला मात्र त्याच्या गोलांपेक्षा त्याचे पराभव जास्त जवळचे वाटतात. 1991 च्या जागतिक स्पर्धेत अंतिम सामना हरला. 1992 ला बार्सिलोना ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात, स्वतःच्या लोकांसमोर, जादा वेळ संपता संपेना आणि शेवटी इटलीकडून 9-8 असा हरला. फक्त एका गोलाने! 1994 ला जागतिक स्पर्धेत पुन्हा अंतिम फेरी, पुन्हा इटली, पुन्हा हार. तेव्हा तो तिशी ओलांडलेला होता. थांबला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. तो 1996 ला अटलांटा ऑलिंपिकला गेला आणि सुवर्ण घेऊन आला. 1998 ला जगज्जेताही झाला. सिडनीला, सहाव्या ऑलिंपिकमध्ये, देशाचा झेंडा त्याच्या हातात होता.

तू एस्तियार्ते होशील असं मी म्हणत नाही. या खेळात पैसाही फारसा नाही, तेव्हा अभ्यास सोडू नकोस, हे माझं म्हणणं कायम आहे. पण उंची हे सोडण्याचं कारण मला पटत नाही. तळाला पाय न टेकता, एगबीटरवर, म्हणजे दोन्ही पाय आळीपाळीने गोल फिरवत, कमरेपर्यंत पाण्याबाहेर उठतोस ना, तो उठाव पायांतून येतो, आणि पाय सरावाने तयार होतात. खरंच कंटाळला असशील तर सोड, मी एका शब्दाने अडवणार नाही. फक्त दुसऱ्या कुणी ठरवलं म्हणून नको.

आठवतं? सामन्याआधी पंच नखं तपासतात म्हणून आदल्या रात्री तू दोन्ही पंजे माझ्यापुढे धरायचास. करंगळीचं नख नेहमी राहायचं, मग मी बोट फिरवून पाहायची, टोचतं का.

तुझं नेलकटर इथेच खणात राहिलंय. पाठवू का?

तुझी,
आई