टेकूंची तपासणी कोण करतो?

पुलाचे ओले काँक्रीट स्वतःचा भार पेलू लागेपर्यंत घनमीटरमागे सुमारे अडीच टन वजन तात्पुरत्या टेकूंवर असते. त्या टेकूंचे डिझाइन हे माझे काम. गेल्या पावसाळ्यात खाडीकाठच्या एका साइटवर पाहिले, तर टेकूंच्या तळाच्या लोखंडी बेसप्लेट लाल भरावात बोटभर रुतलेल्या, खाऱ्या वाऱ्याने टेकूंच्या नळ्या जोडणाऱ्या कपलरचे नट गंजून जाम. भार जमिनीवर पसरवणारे, ड्रॉइंगमधले लाकडी स्लीपर खाली घातलेच नव्हते! काँक्रीट थांबवले; ठेकेदाराची बोलणी खाल्ली. ऑक्टोबर २०२३ मध्ये चिपळूणला बांधकाम सुरू असलेल्या उड्डाणपुलाचे गर्डर (पुलाच्या आडव्या तुळया) ते उचलून बसवणाऱ्या लाँचर यंत्रासह कोसळले, ते दृश्य डोळ्यांपुढून हलत नाही. ठेकेदाराशी संबंध नसलेल्या अभियंत्याने टेकू जागेवर पाहून सही केल्याशिवाय काँक्रीटची गाडी लागू नये, ही कळकळीची विनंती.

— एक स्थापत्य अभियंता, रत्नागिरी