चाळीस वर्षांच्या इमारतीचा इतिहास

ताळगाव

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र मिळालं. लेकीला आर्किटेक्चरच्या अभ्यासासाठी आपल्या गोवा विद्यापीठाच्या इमारतींवर लिहायचंय म्हणून माझ्याकडे माहिती मागतोस, आणि पुढच्याच ओळीत विचारतोस, "चाळीस वर्षांच्या इमारतीला कसला आलाय इतिहास?" पुण्यात राहून शनिवारवाड्यापेक्षा लहान वयाचं काही मोजायचंच नाही असं ठरवलंस की काय?

तिला आधी जुन्या गोव्याला घेऊन जा. सेंट पॉल कॉलेजची रस्त्याकडेची कमान आपण शेकडो वेळा बसमधून पाहिली, खाली कधी उतरलो नाही. १५५६ साली भारतातला पहिला छापखाना त्या कॉलेजात लागला. आज दर्शनी भिंतीचा तुकडा तेवढा उभा आहे. आपल्या मराठीवाल्यांना राशोल गावचं कॉलेज जास्त जवळचं, कारण थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचं मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली तिथे छापलं. ती वास्तू मात्र अजून नांदती आहे, सेमिनरी म्हणजे पाद्री घडवणारी शाळा म्हणून.

बाकी आपल्याकडे विद्या कायम बिऱ्हाडकरूसारखी राहिली, हे तिला नक्की लिहायला सांग. पणजीतली वैद्यकीय शाळा १८४२ ची. मुक्तीनंतर तिचं गोवा मेडिकल कॉलेज झालं, पुढे ते बांबोळीला गेलं, आणि मांडवीकाठची जुनी इमारत २००४ पासून इफ्फीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, गर्दीला मिळाली. जिथे शवविच्छेदन शिकवलं जायचं तिथे आता पास गळ्यात अडकवून लोक कॉफी पितात. पणजीतल्या आल्तिनो टेकडीवरच्या लिसेवच्या, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या हायस्कुलाच्या, वास्तूत पुढे उच्च न्यायालय भरलं, तेही २०२१ साली पर्वरीला गेलं. रायबंदरचं जुनं इस्पितळ तर उलट वाटेनं गेलं: तिथे १९९३ साली व्यवस्थापनाची संस्था सुरू झाली आणि पुढे तीही साखळीच्या बाजूला पर्येला निघून गेली. एक निघालं की दुसरं शिरतं. भिंती त्याच.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा इथे बीए-बीएस्सी करायची सोयच नव्हती. १९६२ साली पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले कॉलेज निघालं, दोन्ही मुंबई विद्यापीठाला जोडलेली. पदव्युत्तर वर्गही मुंबईचंच केंद्र चालवायचं. आपल्या मोठ्या भावंडांच्या पदवीवर मुंबईचा शिक्का आहे तो त्यामुळे. गोवा विद्यापीठाचा कायदा १९८४ चा, कामकाज १ जून १९८५ पासून. म्हणजे गोवा राज्य व्हायच्या दोन वर्षं आधी, दमण-दीवसह केंद्रशासित असतानाच, आपण विद्यापीठ उभं केलं होतं. पहिले कुलगुरू बी. शेख अली, इतिहासाचेच माणूस.

आणि इथेच खरी गोष्ट सुरू होते. कुणाच्या रिकाम्या वाड्यात न शिरता, उच्च शिक्षणासाठी म्हणून ताळगावच्या उघड्या पठारावर चारशेहून जास्त एकर जागा घेतली आणि आराखडा दिला सतीश गुजराल यांना. माणूस मुळात चित्रकार. लहानपणीच ऐकू येणं गेलेलं, मेक्सिकोला जाऊन भित्तिचित्रं शिकलेला, वास्तुशास्त्राची पदवी नाही. (हे लेकीला जरा जपून सांग, फी भरून झाली आहे.) दिल्लीतला बेल्जियमचा दूतावास त्यांचाच, विटांच्या घुमटांचा. तो बघायला परदेशातून लोक येतात आणि आपण त्यांनीच आखलेल्या व्हरांड्यात बसून सबमिशनच्या वह्या उतरवल्या, नाव कुणाचं हे न विचारता.

जागेचाही विचार तिने करावा. खाली सगळा जांभा, माती वीतभर. पावसाळ्यात गवत आणि बारीक फुलं, एप्रिलमध्ये नुसता तवा. खाली झुआरीची खाडी, त्यामुळे जूनमध्ये पाऊस वरून कमी आणि बाजूने जास्त. छत्री उघडायचा अर्थच नाही, हे तुला आठवत असेलच. अशा जागी इमारत पसरून बांधायची की आटोपशीर, उघडी ठेवायची की बंद, हे प्रश्न नकाशावर सुटत नाहीत. तिने जुलैमध्ये यावं. डिसेंबरात सगळ्याच इमारती चांगल्या दिसतात.

आता विभाग एकत्र करून महाशाळा झाल्या, पाट्यांवर शणै गोंयबाब, डी. डी. कोसंबी, मनोहर पर्रीकर अशी नावं आली. आवारात २०१४ च्या लुसोफोनिया, म्हणजे पोर्तुगीज भाषक देशांच्या, खेळांसाठी बांधलेलं स्टेडियमही आहे. त्यावर तिने दोन ओळींपेक्षा जास्त लिहू नये असं माझं मत.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. आपल्याकडे कौलं, बाल्कांव (दारापुढची बसायची ओसरी) आणि शिंपल्यांच्या खिडक्या असल्या तरच घर जुनं ठरतं. मुक्तीनंतर बांधलेलं सगळं म्हणजे 'सरकारी बिल्डिंग'. पणजीची कला अकादमी वास्तुविशारद चार्ल्स कोरियांची, हे अनेकांना नीट कळलं ते २०२३ च्या जुलैत, नूतनीकरण चालू असताना खुल्या रंगमंचाचं छप्पर कोसळलं तेव्हा. विद्यापीठाच्या इमारतींबद्दल बोलायला तसा प्रसंग यायची वाट का बघायची? उद्या एखादा ब्लॉक पाडून काचेचा बांधायचा ठरला, तर मूळचा कसा होता हे दाखवायला काय आहे आपल्याकडे?

म्हणून एक काम कर. तुझ्या वडिलांच्या कपाटात आपल्या वेळचे फोटो असतील, गॅदरिंगचे, सहलीचे, निरोपसमारंभाचे. आपली थोबाडं बघू नकोस, मागे भिंत, जिना, व्हरांडा दिसतो का ते बघ. दिसत असेल तर स्कॅन करून लेकीला दे आणि एक प्रत मला पाठव. मीही इथल्या आपल्या मंडळींकडे मागायला सुरुवात केली आहे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दत्तू